जगाचे प्रश्न, वीस खुर्च्या आणि दीड तास

(स्थानिक गटांनी आंतरराष्ट्रीय विषयांवर काय आणि कसं करावं, यावर पाच जणांनी टोपणनावांनी केलेली चर्चा.)

टिपणकार
स्थानिक गटाने आंतरराष्ट्रीय विषयावर काही करायचं म्हटलं की साचा ठरलेला असतो. मोठं नाव बोलवायचं, तासभर भाषण, दहा मिनिटं प्रश्नोत्तरं, आभार, पांगापांग. लोकांना माहिती मिळते, नाही असं नाही. पण "मग आपल्या सरकारने काय करावं आणि त्याची किंमत कोणी मोजावी?" हा प्रश्न त्या दीड तासात श्रोत्यांपैकी कोणाच्याच वाट्याला येत नाही. परराष्ट्र धोरण हे आपल्या मताचं काम नाहीच, अशी समजूत आणखी पक्की होऊन माणूस घरी जातो.

याला जुना उतारा म्हणजे अभ्यासवर्तुळ. स्वीडनमध्ये १९०२ साली लुंड इथे दारूबंदी चळवळीतल्या ऑस्कर ओल्सन यांनी ते सुरू केलं. शिक्षक नाही, परीक्षा नाही, एकच मजकूर सगळ्यांनी वाचायचा आणि बोलायचं. अमेरिकेत फॉरेन पॉलिसी असोसिएशन या संस्थेने १९५४ मध्ये पोर्टलंडमधून 'ग्रेट डिसिजन्स' हा उपक्रम काढला. वर्षाला आठ विषय, सगळ्यांच्या हाती एकच पुस्तिका, गावोगावचे छोटे गट आणि शेवटी मतपत्रिका. दोन्हींत समान धागा असा की बोलणारा एक आणि ऐकणारे शंभर ही रचनाच मोडलेली आहे.

एका वर्तुळात आठ ते बारा माणसं. वीस आली तर दोन वर्तुळं करा, एकच मोठं करू नका; पंधराच्या पुढे गेलं की चारपाच जणच बोलतात. दीड तासाची वाटणी साधारण अशी: दहा मिनिटं तिथेच बसून शांतपणे वाचन (घरून वाचून या म्हटलं की निम्मे न वाचता येतात आणि वाचलेले त्यांना शिकवत बसतात), दहा मिनिटं फक्त अर्थ विचारण्यासाठी, मग तीन पर्यायांना प्रत्येकी पंधरा, पंधरा मिनिटं आपसातला वाद, शेवटची दहा मतदान आणि एका वाक्यात कारण.

सगळं अडतं ते टिपणावर, म्हणजे सगळ्यांनी वाचायच्या त्या एका मजकुरावर. दोन पानं, सातआठशे शब्द. आधी काय घडलं ते तारखांसकट, मग निर्णय कोणाच्या हातात आहे, मग तीन पर्याय. प्रत्येक पर्याय त्याच्या कट्टर समर्थकाला दाखवायचा. तो "हो, माझं म्हणणं हेच" म्हणाला तरच छापायचा. नेहमी होणारी चूक म्हणजे तिसरा पर्याय "सर्व बाजूंनी वाटाघाटी कराव्यात" असा गुळमुळीत ठेवणं. त्याला किंमत लिहिलेली नसते, म्हणून सगळे तिकडेच पळतात आणि चर्चा वीस मिनिटांत संपते. वाटाघाटीलाही किंमत असते: वेळ जातो, दरम्यान ताब्यातली जमीन ताब्यातच राहते, कोणाशी तरी हस्तांदोलन करावं लागतं. ती छापा.

शंकेखोर
टिपण लिहिणारा हाच सगळ्यात मोठा पक्षपाती, हे राहून गेलं. प्रश्नाच्या शब्दांतच उत्तर दडवता येतं.

इतिहासातला एक मोठा दाखला म्हणजे ब्रिटनमधली १९३४-३५ ची 'शांतता मतपत्रिका'. लीग ऑफ नेशन्स युनियन (राष्ट्रसंघाला पाठिंबा देणारी ब्रिटिश संस्था) हिच्या स्थानिक शाखा आणि इतर संघटना मिळून सुमारे पाच लाख स्वयंसेवक घरोघर फिरले आणि १ कोटी १० लाखांहून जास्त लोकांची उत्तरं गोळा केली. सरकारी मतदान नव्हे, हे सगळं शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून केलेलं. निकाल जून १९३५ मध्ये जाहीर झाला. विरोधकांचा आक्षेप होता की प्रश्नच असे घातलेत की "नाही" म्हणायला तोंड उघडू नये. आक्षेप अगदी पोकळ नव्हता.

तरी त्यातला पाचवा प्रश्न आजही शिकण्यासारखा आहे. एखादं राष्ट्र दुसऱ्यावर हल्ला करत असेल तर बाकीच्यांनी त्याला आर्थिक उपायांनी रोखावं का? एक कोटीच्या वर "हो". आणि गरज पडल्यास लष्करी उपायांनी? "हो" म्हणणारे सुमारे ६८ लाख, "नाही" म्हणणारे २३ लाखांहून जास्त, बाकीचे बरेच जण या भागाला उत्तर न देताच थांबले. पहिला अर्धा भागच विचारला असता तर सगळा देश एकमुखी आहे असं वाटलं असतं.

टिपणकार
पटलं. म्हणूनच आमसहमतीचा प्रश्न एकटा कधी विचारू नये, त्याला जोडून "आणि त्यासाठी अमुक सोसायची तयारी आहे का?" हा असावाच. निर्बंध हवेत? मग इंधन महागलं तरी हवेत का? निर्वासितांना आसरा द्यावा? मग तो आपल्याच वस्तीत का दुसऱ्यांच्या?

मतदानाबद्दल थोडं. चर्चेआधी आणि नंतर तीच मतपत्रिका द्यायची. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिशकिन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या विचारपूर्वक जनमत चाचणीचं हे घरगुती रूप. नावं नकोत, पण प्रत्येकाने दोन्ही चिठ्ठ्यांवर स्वतःचा एकच गुप्त आकडा टाकावा, नाहीतर कोणाचं मत कुठून कुठे गेलं हे कळत नाही. पाच जण इकडून तिकडे आणि पाच तिकडून इकडे गेले तर बेरीज तीच राहते आणि काहीच हललं नाही असं वाटतं. आणि कृपा करून टक्केवारी काढू नका. "वीसपैकी सहा जणांनी मत बदललं" एवढंच लिहा. मूळ अभ्यासात माणसं यादृच्छिक निवडलेली असतात. आपल्याकडे हौसेने आलेली असतात, त्यांचं मत म्हणजे जनमत नव्हे.

पंधरावी खुर्ची
वाचन-चर्चेला न येणारी माणसं सुरक्षा परिषदेच्या खेळाला येतात: प्रत्येकाने एकेक देश होऊन संयुक्त राष्ट्रांची ती परिषद भरवायची. पण तो बहुतेक ठिकाणी चुकीचा खेळला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

पंधरा खुर्च्या. पाच वेगळ्या रंगाच्या, स्थायी म्हणजे कायमच्या सदस्यांच्या: अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स. उरलेल्या दहा निवडून आलेल्या सदस्यांच्या. त्यांची मुदत दोन वर्षांची आणि लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येता येत नाही. देश चिठ्ठ्या टाकून वाटा, आवडीने घेऊ देऊ नका. प्रत्येकाला अर्ध्या पानाचं कार्ड: या देशाला काय हवं, कशाची भीती, कोणावाचून अडतं. समोर तीनच कलमांचा ठराव. जास्त कलमं घातली की शब्दांवर कीस पडतो.

आता गणित, इथेच सगळे घसरतात. लोकांना वाटतं पंधरात आठ म्हणजे बहुमत. नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २७ नुसार नऊ होकारार्थी मतं लागतात. कामकाजाच्या प्रश्नावर कोणतीही नऊ चालतात, बाकी सगळ्यावर नऊ तर हवीतच, शिवाय एकाही स्थायी सदस्याचं विरोधी मत असता कामा नये (हाच नकाराधिकार). पाचही स्थायी एकमताने हो म्हणाले तरी अजून चार मतं कमी पडतात. हे खेळ सुरू होण्याआधी फळ्यावर लिहा, म्हणजे दहा छोट्या खुर्च्यांना आपली किंमत कळते. नाहीतर पाच जण नाटक करतात आणि दहा जण प्रेक्षक.

दुसरी गंमत म्हणजे तटस्थ राहणं हा नकाराधिकार नव्हे. सनदेचे शब्द काटेकोर वाचले तर तसं वाटत नाही, पण प्रथा सुरुवातीपासून तशी पडली आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ च्या नामिबियाविषयक सल्ल्यात ती मान्य केली. गैरहजेरीचंही तेच. चीनची जागा कोणाची या वादावरून सोव्हिएत प्रतिनिधी १९५० च्या जानेवारीपासून परिषदेत येत नव्हता, आणि त्याच काळात जूनमध्ये कोरियाविषयीचे ठराव मंजूर झाले. रुसून बाहेर बसण्याची किंमत एवढी चोख कुठल्याच व्याख्यानात समजत नाही.

वेळ: सुरुवातीची भाषणं प्रत्येकी एक मिनिट, मग वीस मिनिटं उठून, फिरून, कानात बोलायला. खरा खेळ त्या वीस मिनिटांत होतो, ती कापू नका. मग मतदान, हात वर करून. अध्यक्षपद सदस्य देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने दर महिन्याला फिरतं, तेव्हा अध्यक्षही खेळाडूंपैकीच एक असावा. सूत्रधाराने नियम सांगावेत, अध्यक्षांचा हातोडा हाती घेऊ नये.

मतदान झालं की हे तीन प्रश्न विचारा. ठराव पडला तो नकाराधिकाराने की नऊ मतं न मिळाल्याने? (आठ बाजूने, सात तटस्थ, विरोधात कोणीच नाही, तरी पडतो. मग बातमीत खलनायक कोण?) कार्डावरच्या कोणत्या ओळीने तुमचं मत ठरलं? आणि नकाराधिकार वापरल्यावर पुढे काय? २६ एप्रिल २०२२ च्या ठराव ७६/२६२ नुसार आमसभेला, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेला, दहा कामकाजाच्या दिवसांत त्यावर चर्चा घ्यावी लागते. नकाराधिकार त्याने रद्द होत नाही, पण वापरणाऱ्याचं वागणं जगापुढे चर्चेला येतं.

बिघडतं कुठे? माणसं देशाऐवजी त्या देशाच्या नेत्याची नक्कल करू लागतात. हशा पिकतो आणि विषय संपतो. कार्डावर नेत्याचं नाव नको, फक्त देशाचं हित. आणि माणसं कमी असतील तर खुर्च्या कमी करू नका, पंधरातल्या नऊचं गणितच बिघडतं. काही अस्थायी खुर्च्यांवर आधीच लिहिलेली, मिटलेली मतं ठेवा.

कोरी पाटी
पंधरा माणसंही जमत नसतील तर? सातआठ जणांचा गट आहे असं धरा.

पंधरावी खुर्ची
मग आमसभेचा एक खरा मतदानाचा तक्ता घ्या. उदाहरणार्थ २ मार्च २०२२, युक्रेनवरच्या आक्रमणाविषयीचा ठराव. बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. आधी काही न सांगता बेरीज करायला लावा. १८१ येते. सदस्य १९३. मग बारा कुठे गेले? ते मतदानातच नव्हते. इथून सनदेचं कलम १९ सहज निघतं: दोन वर्षांइतकी वर्गणी थकली की देशाचं आमसभेतलं मत जातं. गैरहजेरीला राजनैतिक कारणही असू शकतं, गट त्यावर तर्क करू लागतो.

पुढचा प्रश्न, दोनतृतीयांश झाले का? कोणी १४१ ला १९३ ने भागेल, कोणी १८१ ने. दोन्ही चूक. महत्त्वाच्या प्रश्नांना कलम १८ खाली "उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांचे" दोनतृतीयांश लागतात आणि तटस्थ देश मतदान करणाऱ्यांत धरत नाहीत. म्हणजे हिशेब १४६ वर, लागत होती ९८.

मग विरोधातले पाच (रशिया, बेलारूस, सीरिया, उत्तर कोरिया, इरिट्रिया) आणि तटस्थांपैकी बोललेले कोणतेही दोन घेऊन त्यांनी मताचं दिलेलं स्पष्टीकरण वाचायचं. ते सभेच्या इतिवृत्तात शब्दशः असतं. तटस्थ म्हणजे गप्प, हा समज तिथे मोडतो. तटस्थ देशांचीही भाषणं असतात! तासाभराचा कार्यक्रम आहे, सहा माणसांत उत्तम होतो.

शंकेखोर
आणि ठराव मंजूर झाला म्हणजे काही घडलं का, हे विचारल्याशिवाय सोडू नका. आमसभेचे असे ठराव बंधनकारक नसतात. हे सांगायचं राहिलं की लोक आधी हुरळतात, मग "काही उपयोग नाही" म्हणून कायमचे पाठ फिरवतात.

उंबरठा
कोण येतं यापेक्षा कोण येत नाही ते बघा. आंतरराष्ट्रीय विषयांच्या बैठकांना निवृत्त, शिकलेली, आधीच वाचणारी माणसं येतात. वेळ, भाषा आणि शब्द ही तीन कुंपणं. संध्याकाळची वेळ लहान मुलांच्या आयांना चालत नाही, बैठकीच्या जागीच मुलं सांभाळायची सोय केली की फरक पडतो. शब्दांसाठी साधा उपाय: टेबलावर एक घंटी. कोणीही न कळणारा शब्द आला की वाजवायची आणि बोलणाऱ्याने तो सोपा करायचा. आधी लाजतात, म्हणून पहिली घंटी सूत्रधाराने मुद्दाम वाजवावी.

दुसरं, ज्या संघर्षावर चर्चा आहे तिथलीच माणसं वस्तीत राहात असतील तर त्यांना "तुमच्या देशाबद्दल सांगा" म्हणून उभं करू नका. एक माणूस अख्ख्या देशाचा वकील होत नाही, आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्याच्या बोलण्याचा त्रास होऊ शकतो. आधी एकट्याला भेटून विचारा: बोलायचं आहे का, कशाबद्दल नाही, फोटो चालेल का. बैठकीला लंडनच्या चॅथम हाउस या संस्थेचा नियम लावा. १९२७ पासूनचा आहे: ऐकलेलं बाहेर वापरता येतं, पण कोण बोललं आणि तिथे कोण होतं हे सांगायचं नाही. बऱ्याच ठिकाणी "इथलं काहीच बाहेर जाऊ नये" असा त्याचा अर्थ लावतात. तसं नाही. नियम सुरुवातीलाच मोठ्याने वाचावा आणि ध्वनिमुद्रण बंद ठेवावं.

नकाशा लावणार असाल तर वादग्रस्त सीमा तुटक रेषांनी आहेत ना ते पाहा. निम्मी बैठक नकाशावरच भांडण्यात जाते.

कोरी पाटी
चर्चा, खेळ, मतदान सगळं ठीक. पण गटाने स्वतः भूमिका घ्यावी की नाही? न घेतली तर हा नुसता छंद, घेतली तर फूट.

टिपणकार
माझं मत, घेऊ नये. गट हा वादाची जागा आहे. भूमिका घेतली की पुढच्या वेळी विरोधी मताचा माणूस येत नाही आणि वर्षभरात तो गट एकमेकांना माना डोलवणाऱ्यांचा होतो.

उंबरठा
मी सहमत नाही. भूमिका न घेणाऱ्या गटाला कुठलंही कार्यालय उत्तर देत नाही. फूट टाळायची तर काम अरुंद ठेवा. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्क संघटना १९६१ मध्ये सुरू झाली तेव्हा स्थानिक गटांना आपल्या मतांमुळे तुरुंगात गेलेले तीन-तीन कैदी दत्तक दिले जात: एक पाश्चात्त्य देशातला, एक साम्यवादी देशातला, एक तिसऱ्या जगातला. आपल्याच देशातली प्रकरणं गटाकडे देत नसत. त्यामुळे अमक्या गोटाचे असा शिक्का बसत नव्हता आणि गटातल्या डाव्या-उजव्यांना एकाच टेबलावर बसून पत्रं लिहिता येत होती. पत्रही सभ्य, योग्य अधिकाऱ्याच्या नावाने, विचारसरणीवर एक शब्द नाही, एका माणसाबद्दल एक मागणी. एवढं आखीव होतं म्हणून टिकलं.

शंकेखोर
मधली वाट आहे. भूमिका गटाची नाही, सह्या करणाऱ्यांची. पत्रात तीन ओळी: बाजूने किती, विरोधात किती, आणि विरोधकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेला एक परिच्छेद. विरोधी मत जोडलेलं पत्र कमकुवत होतं असं वाटतं, पण वाचणाऱ्याला कळतं की हे छापील नमुन्यावर सही करून पाठवलेलं नाही.

निवडणुकीच्या काळात तर भूमिका न घेताच बरंच काम होतं. सगळ्या उमेदवारांना तेच चार प्रश्न, तीच शेवटची तारीख, दीडशे शब्दांची मर्यादा. उत्तरं काटछाट न करता एकाच पानावर, क्रम चिठ्ठ्या टाकून. मर्यादा ओलांडली तर दीडशेव्या शब्दाला थांबवायचं, सारांश करायचा नाही. सारांशावरच पक्षपाताचा आरोप होतो. जो उत्तर देत नाही त्याच्या नावापुढे "उत्तर आलं नाही" एवढंच. प्रश्नही "जागतिक शांततेबद्दल तुमचं मत काय" असा नको. "अमुक करार सभागृहापुढे आला तर मत कोणत्या बाजूने द्याल?" असा हवा. आणि आपल्या देशात करार सभागृहापुढे येतो तरी का, हे आधी शोधा. कित्येक देशांत सरकार तो परस्परच करतं, तिथे मतदानाचा प्रश्नच फुकट जातो.

पंधरावी खुर्ची
पत्र नेमकं पाठवायचं कुठे याचीही उत्तरं आहेत, लोक थेट संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना लिहितात आणि ते कुठेच पोहोचत नाही.

युरोपीय संघातल्या नागरिकांना २०१२ पासून नागरिक पुढाकाराचा मार्ग आहे: बारा महिन्यांत दहा लाख सह्या, आणि किमान सात देशांत ठरावीक संख्या गाठलेली. युरोपीय आयोगाला (संघाच्या कार्यकारी मंडळाला) उत्तर द्यावं लागतं, कायदा करावाच लागतो असं नाही. पाण्याच्या हक्काची मोहीम ही यातली पहिली यशस्वी. गट इथे आकड्याला भुलतात. अवघड असतात ते सात देश.

जगभर खुला असलेला आणि कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेचा सार्वत्रिक नियतकालिक आढावा, म्हणजे प्रत्येक देशातल्या मानवी हक्कांची इतर देशांनी केलेली तपासणी. प्रत्येक सदस्य देशाची पाळी काही वर्षांनी येतेच. स्थानिक संस्थेला लेखी निवेदन देता येतं, त्यासाठी संयुक्त राष्ट्रांची मान्यता लागत नाही. जिनिव्हात परिषदेपुढे उभं राहून बोलायचं असेल तर लागते. मर्यादा २,८१५ शब्द, अनेक संस्थांनी मिळून दिलं तर ५,६३०. जास्तीचे शब्द भरले की निवेदन स्वीकारलं जात नाही. मुदत प्रत्यक्ष आढाव्याच्या बरेच महिने आधी संपते, गट बातमी वाचून जागे होतात तेव्हा खिडकी बंद झालेली असते. म्हणून आधी वेळापत्रक पाहायचं, मग विषय ठरवायचा.

निवेदनात काय? तुमच्या भागात स्वतः मोजलेलं आणि तारखेसह नोंदलेलं. बाकी जगाबद्दल त्यांच्याकडे कागद भरपूर आहेत.

कोरी पाटी
आढावा झाल्यावर गटाच्या हाती काय राहतं?

पंधरावी खुर्ची
शिफारशींची यादी. इतर देशांनी केलेल्या प्रत्येक शिफारशीला आपलं सरकार एकतर "मान्य" म्हणतं किंवा "नोंद घेतली" म्हणतं. "नोंद घेतली" म्हणजे बहुधा नकार. मान्य केलेल्यांतून आपल्या गावात दिसू शकतील अशा दोनतीनच निवडा, प्रत्येकीसमोर कोणतं खातं आणि कोणता अधिकारी ते लिहा आणि दर सहा महिन्यांनी त्याच कार्यालयाला तोच प्रश्न लेखी विचारा. सरकारने जगासमोर स्वतः कबूल केलेलं असतं, तेव्हा "हे कोणी सांगितलं?" असं विचारायची सोय त्यांना उरत नाही. बैठकीची पहिली पाच मिनिटं या यादीला: उत्तर आलं का, काय आलं, पुढचं पत्र कोण लिहिणार.